ध्रुव न दिसणाऱ्या देशातली लग्नं

ऑस्ट्रेलियातल्या एकाही शहरातून ध्रुवतारा दिसत नाही. मोठ्या शहरांत सगळ्यात उत्तरेचं डार्विन. तेही विषुववृत्ताच्या साडेबारा अंश दक्षिणेला आहे आणि तिथूनही ध्रुव कायम क्षितिजाखालीच असतो. तरीही मेलबर्नला, सिडनीला किंवा पर्थला वैदिक पद्धतीने मराठी लग्न लागतं, तेव्हा सप्तपदी आटोपल्यावर गुरुजी वधूवरांना ध्रुव पाहायला सांगतात. दोघं मान वर करतात, हॉलच्या छतातल्या दिव्यांकडे पाहतात, फोटोग्राफर तेवढ्यात फोटो काढून घेतो आणि पाया पडणाऱ्यांची रांग लागते.

हसू यावं असं हे दृश्य आहे खरं, पण पुणेकरांनी हसू नये. पुण्याच्या आकाशात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर रोज रात्री हजर असतो आणि तिथल्या कार्यालयात लग्न लागतं दुपारी साडेबाराला. वर पंखा, पंख्यावर स्लॅब. सोय असून न पाहणारे आणि सोय नसताना पाहणारे, यांत जास्त विनोदी कोण, हे मला ठरवता आलेलं नाही.

ध्रुव न दिसण्याची तरतूद सूत्रकारांनी मात्र आधीच करून ठेवली आहे. शुक्ल यजुर्वेदी घरांचे संस्कार ज्या पारस्कर गृह्यसूत्रावर चालतात, त्यात ध्रुवदर्शनाचा नियम सांगून झाल्यावर एक इवलंसं सूत्र येतं. वधूला तारा दिसला नाही, तरी तिने तो दिसतो असंच म्हणावं. ढगाळ रात्रींचा विचार करून हे लिहिलं असावं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दक्षिण गोलार्ध असण्याचा प्रश्नच नव्हता, पण दोन हजारांहून अधिक वर्षांनी मेलबर्नच्या गुरुजींना ते सूत्र बारा महिने उपयोगी पडतंय.

या विधीने एकेकाळी युरोपातल्या पंडितांमध्येही वाद लावून दिला होता. आज आपण ज्याला ध्रुव म्हणतो तो तारा गेल्या काही शतकांतच ध्रुवबिंदूच्या जवळ आला आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ध्रुवपद एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जातं. गृह्यसूत्रं रचली गेली तेव्हा त्या जागी ठळक असा तारा नव्हता. मग नवरीला दाखवायचा तो 'न हलणारा' तारा कोणता? जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी १८९० च्या दशकात असं मांडलं, की ही चाल सूत्रांपेक्षा खूप जुनी असली पाहिजे. कालेय तारकासमूहातला थुबान हा तारा ध्रुवबिंदूपाशी होता, त्या इसवी सनापूर्वी २८०० च्या आसपासच्या काळातली. लोकमान्य टिळकांचं 'ओरायन' १८९३ चं. ते मृगशीर्षाच्या वाटेने वेदकाल मागे नेत होते आणि याकोबी स्वतंत्रपणे त्याच सुमाराला पोचले होते. विरोधकांचं म्हणणं साधं होतं: खेड्यातल्या लग्नात कुणी वेधयंत्र घेऊन बसत नाही, उत्तरेकडचा फारसा न सरकणारा कुठलाही तारा नवरीला पुरेसा आहे. मला विरोधकांचं पटतं. लग्नघरातली घाई ज्याने पाहिली आहे त्याला ते पटेलच. पण एका लग्नविधीवरून संस्कृतीचं वय काढण्याचा प्रयत्न झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ध्रुवाबरोबर अरुंधती आणि सप्तर्षीही दाखवायचे असतात. त्यांचा हिशेब ऑस्ट्रेलियात शहरागणिक बदलतो. डार्विनला मे-जूनच्या संध्याकाळी अरुंधती उत्तर क्षितिजावर बावीस अंश वर येते, छान दिसते. ब्रिस्बेनला सात-साडेसात अंश. सिडनीला जेमतेम एक अंश, म्हणजे समोरच्या घराच्या कौलांआड. मेलबर्नला ती उगवतच नाही. वसिष्ठाच्या शेजारी निष्ठेने उभी असलेली ही बाई मेलबर्नच्या आकाशात येऊच शकत नाही.

मग तिथल्या आकाशात आपलं कोण आहे? अगस्त्य आहे. हा तारा पुण्यातून हिवाळ्यात दक्षिणेला दिसतो आणि त्याची जास्तीत जास्त उंची जवळजवळ तेवढीच, जेवढी उत्तरेला ध्रुवाची. मेलबर्नला अगस्त्य मावळत नाही. सगळ्यात खाली आला की क्षितिजाला टेकतो, पण बुडत नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला आणि परत न आलेला हा ऋषी स्थलांतरितांचा मूळपुरुष म्हणून शोभेल. शिवाय तो एकटा नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात लोपामुद्रेच्या नावावर सूक्त आहे, ज्यात ती तपश्चर्येत बुडालेल्या नवऱ्याला स्पष्ट शब्दांत संसाराची आठवण करून देते. अरुंधतीपेक्षा ही जोडी आजच्या नवरानवरीला जवळची वाटेल. अगस्त्यदर्शनाचा विधी कुठल्याही पोथीत नाही, हे मला माहीत आहे. पण पोथीत नसलेल्या किती गोष्टी आपण लग्नात करतो, ते पुढे येईलच.

०००

आकाश उलटं झालं की जमिनीवरचंही बरंच काही बिनसतं. प्रदक्षिणा उजवीकडून घालायची, कारण सूर्य तसा फिरतो, असं आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं. ऑस्ट्रेलियात सूर्य पूर्वेला उगवून उत्तरेकडून पश्चिमेला जातो, म्हणजे घड्याळाच्या उलट. सूर्याच्या मागे जायचं ठरवलं तर होमाभोवतीचे फेरे डावीकडून घालावे लागतील. असं कुणी केल्याचं ऐकिवात नाही आणि करूही नये. पूज्य वस्तू आपल्या उजव्या हाताला ठेवायची हा प्रदक्षिणेचा दुसरा आणि जास्त टिकाऊ अर्थ आहे. त्याला गोलार्धाची बाधा होत नाही.

मुहूर्ताचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. सोलापूरच्या दाते पंचांगातले मुहूर्त भारतीय प्रमाणवेळेचे. मेलबर्न उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते, त्यामुळे ती जगभर एकाच क्षणी बदलते, तिचं गणित सोपं. पण लग्न-राशी म्हणजे पूर्व क्षितिजावर त्या क्षणी उगवणारी रास, आणि ती प्रत्येक गावाच्या अक्षांशाप्रमाणे वेगळी. म्हणून पुण्याच्या ज्योतिषाकडून फोनवर घेतलेला मुहूर्त नुसता साडेपाच तासांनी सरकवून चालत नाही. गोरज मुहूर्ताची तर वेगळीच तऱ्हा. गाई घरी परतण्याची ती संध्याकाळची वेळ डिसेंबरच्या मेलबर्नमध्ये रात्री पावणेनऊच्या सुमाराला येते. हॉल अकराला रिकामा करून द्यायचा असतो. बहुतेक जण गोरजाचा नाद सोडतात.

पूर्वी मुहूर्ताचा क्षण घड्याळाने नव्हे तर घटिकापात्राने ठरायचा. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. वाटी बुडेपर्यंत अंतरपाट धरून ठेवायचा आणि मंगलाष्टकं म्हणत राहायची. मंगलाष्टकं आठांवर का थांबत नाहीत, हौशी मावश्या-आत्या स्वतः रचलेली चार-चार कडवी का घुसवू शकतात, याचं उत्तर त्या वाटीत आहे. भरायचा होता तो वेळ. वाटी गेली, वेळ भरण्याची सवय राहिली. आणि 'सावधान' हा शब्द तो क्षण आल्याचा इशारा. जांबच्या बारा वर्षांच्या नारायणाने तो ऐकून बोहल्यावरून धूम ठोकली आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही कथा ऑस्ट्रेलियन पाहुण्यांना सांगितली की ती फार आवडते. त्यांच्याकडेही नवरा पळून जाण्याच्या गोष्टी आहेत. संत झालेला मात्र कुणी नाही.

सप्तपदीपाशी इथे थोडं थांबायला हवं. आश्वलायन गृह्यसूत्रात सात पावलं ईशान्येकडे टाकायची आहेत. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं संपत्तीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. यात वचनं कुठेच नाहीत. हल्ली इंग्रजी पत्रिकांत छापली जाणारी 'सात वचनं' उत्तर भारतातल्या अलीकडच्या प्रथेतून आणि सिनेमातून आलेली आहेत. त्यांतली काही वाचवत नाहीत. नवऱ्याच्या परवानगीशिवाय कुठे जाणार नाही, वगैरे. जुनं सूत्र त्या मानाने किती मोकळं! त्यातलं सहावं पाऊल मला ऑस्ट्रेलियात विशेष आठवतं. तुळशीचं लग्न लागून मराठी लग्नांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा तिथे उन्हाळा तोंडावर असतो. आपला वैशाख तिथला पानगळीचा. मार्गशीर्ष-माघातली लग्नं नेमकी वणव्यांच्या दिवसांत येतात. व्हिक्टोरियात कंट्री फायर अथॉरिटी ज्या दिवशी 'टोटल फायर बॅन' जाहीर करते, त्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटवणं गुन्हा असतो. द्राक्षमळ्यातल्या हिरवळीवर मांडव घालून लाजाहोमाचा बेत केलेल्या घरांना आदल्या दिवशी संध्याकाळी हवामानखात्याकडे डोळे लावून बसावं लागतं. हॉलमध्ये केलं तर धुराची घंटा वाजते. म्हणून होमकुंड लहान, समिधा चार, तूप बेताचं, आणि एक मामा पंखा धरून उभा.

०००

कायद्याच्या नजरेने मात्र हे सगळं झालं तरी लग्न झालेलंच नसतं. ऑस्ट्रेलियाच्या १९६१ च्या विवाह कायद्याला ध्रुव, अग्नी, सात पावलं यांच्याशी कर्तव्य नाही. त्याला हवी असते लग्नाच्या इराद्याची लेखी नोटीस, किमान एक महिना आधी आणि जास्तीत जास्त १८ महिने आधी दिलेली, नेमलेला विवाह-अधिकारी, आणि अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार. लग्न लावणारा सरकारमान्य नागरी 'सेलिब्रंट' असेल, तर त्याला कायद्याने ठरवून दिलेली वाक्यं सर्वांसमोर म्हणावीच लागतात: विवाह म्हणजे दोन व्यक्तींचं, इतर सर्वांना वगळून, स्वेच्छेने आणि जन्मभरासाठी केलेलं मीलन. 'दोन व्यक्ती' हे शब्द ९ डिसेंबर २०१७ पासूनचे. त्याआधी तिथे पुरुष आणि स्त्री होते.

भारतात उलटं आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं सातवं कलम म्हणतं, की विवाह पक्षांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे लागू शकतो आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. याचा कस महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात लागला. भाऊराव शंकर लोखंडे खटल्यात, १९६५ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता पहिली बायको असताना 'गांधर्व' पद्धतीने केलेल्या दुसऱ्या लग्नाचा. होम झाला नव्हता, सप्तपदी झाली नव्हती, आणि त्या समाजात त्यांच्याशिवाय लग्न लागण्याची रूढी सिद्ध झाली नाही. म्हणून दुसरं लग्न हे लग्नच नाही, आणि लग्नच नाही म्हणून दुसऱ्या लग्नाचा गुन्हाही नाही, असा निकाल लागला. सात पावलांच्या अभावी एक माणूस शिक्षेतून सुटला. पहिल्या बायकोला यातून काय मिळालं, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा मेलबर्नचं मराठी जोडपं दोन्ही बाजू सांभाळतं. काही जण मांडवातच सेलिब्रंटला बोलावतात. अंतरपाटाच्या आधी किंवा जेवणाच्या आधी इंग्रजी वाक्यं आणि सह्या उरकतात. काही आधीच रजिस्टर लग्न करून टाकतात. कायद्याने लग्न झालेल्या जोडप्याने दाखला दाखवून नंतर धार्मिक विधी करायला तिथे मुभा आहे. मेलबर्नचं विवाह-नोंदणी कार्यालय स्प्रिंग स्ट्रीटवरच्या ओल्ड ट्रेझरी इमारतीत आहे. व्हिक्टोरियात सोनं सापडलं तेव्हा ते ठेवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधलेली ही कोषागाराची इमारत; तळघरात सोन्याच्या तिजोऱ्या आणि वर लग्नं. आपल्याकडच्या वधुपित्याला या वास्तुरचनेत काही नवल वाटणार नाही.

सेलिब्रंट ही संस्था समजून घेण्यासारखी आहे. १९७३ पर्यंत ऑस्ट्रेलियात चर्चबाहेर लग्न करायचं तर रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन रुक्षपणे सही करायची, एवढाच मार्ग होता. व्हिटलम सरकारचे अॅटर्नी जनरल लायनेल मर्फी यांनी त्या वर्षीच्या जुलैमध्ये क्वीन्सलंडच्या लोइस डार्सी यांना पहिल्या नागरी सेलिब्रंट म्हणून नेमलं. कल्पना अशी, की धर्म न मानणाऱ्यांनाही आपलं लग्न आपल्या शब्दांत आणि सन्मानाने लावून घेता यावं. आज तिथल्या दर दहा लग्नांपैकी आठ सेलिब्रंट लावतात. त्याच १९७३ मध्ये गोरेतरांना देशाबाहेर ठेवणाऱ्या धोरणाचे उरलेसुरले अवशेषही त्याच सरकारने पुसले. मराठी माणसं तिथे संख्येने पोचू शकली ती त्यामुळे.

मराठी वाचकाला इथे दुसरं एक साल आठवेल: १८७३. त्या वर्षी २४ सप्टेंबरला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि २५ डिसेंबरला पुण्यात सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं लग्न ब्राह्मण पुरोहिताशिवाय लावलं. जोतीरावांनी पुढे मंगलाष्टकंही वेगळी लिहिली. त्यांत वधू आणि वर स्वतः बोलतात, आणि वधू हक्क मागते. मर्फींनी फुल्यांचं नावही ऐकलं नसेल. पण आपलं लग्न आपल्या भाषेत, मधल्या मध्यस्थावाचून, दोघांच्या तोंडच्या शब्दांनी व्हावं हा विचार पुण्यात शंभर वर्षं आधी प्रत्यक्षात आला होता, आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करून आला होता. ऑस्ट्रेलियातल्या मराठी जोडप्याला सेलिब्रंटचा भाग परका वाटत असेल, तर त्यांनी हे आठवावं.

०००

विमानतळावरच्या जैवसुरक्षेच्या टेबलाशी मराठी लग्नाची खरी परीक्षा होते. ताजी पानं, फुलं, फळं, बिया, दुधाचे पदार्थ, माती लागलेली कुठलीही वस्तू जाहीर करावी लागते आणि बहुतेक वेळा तिथेच सोडून द्यावी लागते. आंब्याचे डहाळे, विड्याची पानं, बेल, पेढे, सगळं गेलं. रुखवतात बिया चिकटवून केलेली तुळस असेल तर तीही गेली. ऑस्ट्रेलियन अधिकारी कडक का, हे कळायला क्वीन्सलंडमधली बाभूळ पाहावी. जनावरांना सावली म्हणून लावलेली आपली बाभूळ तिथे इतकी माजली, की तिची गणना राष्ट्रीय पातळीवरच्या उपद्रवी तणांत होते.

सुपारीची अडचण वेगळी आहे. तिच्यातलं अरेकोलिन हे द्रव्य ऑस्ट्रेलियाच्या विषद्रव्यांच्या सूचीत, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून न मिळणाऱ्या वर्गात बसतं. ज्या सुपारीला आपण गणपती मानतो, ती तिथे औषधांच्या कायद्यात अडकते. गुरुजी मग बदाम किंवा हळकुंड चालवून घेतात. यात चुकचुकण्यासारखं काहीच नाही, कारण सुपारीच मुळात दुसऱ्याच्या जागी बसलेली आहे. गणपतीची मूर्ती नाही, सुपारी ठेवा. कुलदैवताचा टाक नाही, सुपारी ठेवा. पूजेला बसणाऱ्याची बायको हजर नाही, तिच्या नावाची सुपारी कनवटीला लावा. मीमांसाशास्त्रात याला 'प्रतिनिधी' म्हणून रीतसर प्रकरण आहे. सोम मिळाला नाही तर पूतीक वापरावा, ही त्यातली सुप्रसिद्ध चर्चा. माणसांच्या बाबतीतही तेच. लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, पण आश्वलायन तिथेच सांगून टाकतो, की भाऊ किंवा भावाच्या जागी असलेला कोणीही. मेलबर्नला हा मान महाराष्ट्र मंडळातल्या शेजाऱ्याचा मुलगा घेतो आणि मग नवऱ्याचा कान पिळून पाकीट वसूल करतो. नवरा ऑस्ट्रेलियन असेल तर कानपिळीच्या वेळी सगळा हॉल खूश.

देवकाचा विषय मला याहून मोलाचा वाटतो, आणि परदेशातल्या लग्नांतून तो सगळ्यात आधी गळून पडतो. मराठा आणि इतर अनेक समाजांत प्रत्येक कुळाचं देवक असतं: वड, उंबर, कळंब, आपटा, मोराचं पीस, कुणाचं पंचपालवी. लग्नाच्या आधी ते विधिपूर्वक बसवायचं. ज्यांचं देवक एक, ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही. गृह्यसूत्रांत याचा पत्ता नाही. ही चाल मातीतली, बहुधा वैदिक विधींच्या शेजारी स्वतंत्रपणे वाढलेली. आर. ई. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्यातल्या जातिजमातींच्या ग्रंथात देवकांची तपशीलवार नोंद केली आणि त्यांना 'टोटेम' म्हटलं. त्या काळी टोटेम म्हटलं की मानववंशशास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा यायची ती ऑस्ट्रेलिया. स्पेन्सर आणि गिलन यांचं मध्य ऑस्ट्रेलियातल्या जमातींवरचं पुस्तक १८९९ चं.

मेलबर्न ज्या भूमीवर वसलं आहे, तिथल्या कुलिन लोकांत समाजाचे दोन भाग होते. एक बुंजिल, म्हणजे गरुड; दुसरा वा, म्हणजे कावळा. गरुडाच्या माणसाने कावळ्याच्या घरातच सोयरीक करायची. उत्तरेकडच्या वार्लपिरी लोकांत असे आठ गट आहेत आणि कुणाचं लग्न कुणाशी व्हावं हे त्यावरून ठरतं. आपल्या आजोळच्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्या देशात मराठी घरं देवक विसरतात, त्या देशातल्या मूळ रहिवाशांना देवक म्हणजे काय हे आपल्यापेक्षा लवकर कळेल. आणि देवकासाठी झाड हवंच असेल तर उंबर उत्तर ऑस्ट्रेलियाच्या नदीकाठांवर मुळातच उगवतो. तो कुणी नेलेला नाही, तिथलाच आहे. आंबाही आहे. क्वीन्सलंडच्या बोवेनचा 'केन्सिंग्टन प्राइड' हा तिथला सगळ्यात लाडका आंबा. भारतातल्या लष्कराला घोडे पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून त्याच्या कोयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आल्या असं मानलं जातं. मांडवाचे आम्रपल्लव पुण्याहून पिशवीत लपवून आणण्याचं कारण नाही.

०००

महाराष्ट्रातल्या लग्नात कुणी 'हे का करायचं' असं विचारत नाही. विचारलं तर 'करायचं असतं' एवढं उत्तर मिळतं आणि ते पुरतं. ऑस्ट्रेलियात नवऱ्याकडचे किंवा ऑफिसातले पाहुणे विचारतात. म्हणून छापील कार्यक्रमपत्रिका येते, तिच्यात प्रत्येक विधीपुढे अर्थ लिहावा लागतो, आणि अर्थ नसेल तर तयार केला जातो. जोडव्यांमुळे गर्भाशयाची नस दाबली जाते, मुंडावळ्यांमुळे मेंदूला शांती मिळते, हळद जंतुनाशक म्हणून लावतात. शरीरशास्त्रात अशी नस नाही. मुंडावळ्या नवरानवरीला दृष्ट लागू नये म्हणून. हळद शुभ म्हणून, रंगासाठी, आणि उष्टी हळद एकाची दुसऱ्याला लागावी म्हणून. एवढी कारणं पुरेशी सुंदर आहेत, त्यांना विज्ञानाचा दाखला जोडण्याची गरज नाही.

खरे उगम शोधायला गेलं की आणखी गंमत होते. मंगळसूत्राला आपण लग्नाचा प्राण मानतो, पण गृह्यसूत्रांना ते ठाऊकच नाही, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त हे नोंदवून ठेवलं आहे. नवरीला बोहल्यावर आणणारा मामाही सूत्रात नाही. तो आला नातेसंबंधांतून. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जात असे. जिथे आजोळ आणि सासर एकच होऊ शकतं, तिथे मामाला मांडवात मान असणारच. ऑस्ट्रेलियात आज तो पर्यटक व्हिसावर येतो आणि व्हिसा वेळेत मिळाला नाही तर व्हिडिओवर दिसतो.

सूत्रकार स्वतः याबद्दल आपल्यापेक्षा मोकळे होते. आश्वलायन विवाहाचा अध्याय सुरू करतानाच सांगतो, की देशोदेशीच्या आणि गावोगावच्या चाली वेगवेगळ्या असतात, लग्नात त्या पाळाव्यात. मी फक्त सगळीकडे समान आहे तेवढं सांगतो. आपस्तंब तर म्हणतो, की चालीरीती बायकांकडून समजून घ्याव्यात. म्हणजे पोथी लिहिणारेच पोथीबाहेर जायला सांगत होते. ऑस्ट्रेलियातली मराठी लग्नं त्यांच्या या सल्ल्याच्या उलट चालली आहेत, ही माझी तक्रार आहे. सप्तपदी राहिली, कारण ती पोथीत आहे. गेलं ते बायकांचं: घाणा भरणं, जात्यावरच्या ओव्या, केळवणाची पंगत, विहिणीची थट्टा, सूनमुख. त्यांच्या जागी संगीत आणि जुते चुराई आली, जी कोल्हापूरच्या आजीलाही माहीत नव्हती आणि नागपूरच्याही नाही. एकाच हॉलमध्ये पंजाबी, तेलुगू आणि मराठी लग्न पाहिलं तर हल्ली फरक फक्त जेवणात उरतो. पुण्यामुंबईतही हेच होतंय म्हणा. तिथून पाहूनच ऑस्ट्रेलियात होतं.

कन्यादानाचा पेच मात्र ऑस्ट्रेलियाने जास्त ठळक केला. सेलिब्रंट म्हणतो दोघं स्वेच्छेने एकत्र येताहेत, आणि दहा मिनिटांनी गुरुजी म्हणतात बाप मुलीचं दान करतोय. एकाच मांडवात दोन्ही खरं कसं? पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने संस्कारांच्या पोथ्या मराठी अर्थासह नव्याने बांधल्या, स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं. ऑस्ट्रेलियातल्या घरांना तो मार्ग उपलब्ध आहे. दान वगळून, नवऱ्याने धर्म, अर्थ आणि काम यांत मर्यादा न ओलांडण्याचं जे वचन द्यायचं असतं ते 'नातिचरामि' दोघांनी म्हणावं, हे मला सर्वांत सरळ वाटतं.

आणि देण्याघेण्याचा भाग. लग्नात वाजतगाजत मांडलेलं रुखवत आणि बंद दाराआड ठरलेला हुंडा यांच्यातली रेघ परदेशात पुसट होते. 'तिकडचा जावई' म्हणून दर चढतो. मेलबर्नच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मंजुला ओ'कॉनर यांनी हुंड्यापायी छळलेल्या बायकांचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. व्हिक्टोरिया राज्याने २०१८ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात हुंड्यासाठीच्या छळाचा उल्लेख घातला आणि ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीने फेब्रुवारी २०१९ मध्ये यावर अहवाल दिला. आपण पाठवलेल्या चालींपैकी तिथल्या कायद्याने नावानिशी नोंद घेतलेली चाल ही आहे, अरुंधती नव्हे.

तुमच्या घरचं लग्न तिकडे ठरलं असेल तर नोटीस महिनाभर आधी द्यावीच लागेल. त्या महिन्यात आणखी एक काम करा. पत्रिका छापायला टाकण्याआधी घरातल्या वयस्कर बायकांना, आजीला, आत्याला, सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या चुलतसासूला फोन लावा आणि आपलं देवक कोणतं, घाणा कसा भरायचा, सूनमुख पाहताना काय करायचं, हे विचारून लिहून घ्या. आपस्तंबाने तेच सांगितलं आहे, आणि ज्यांना विचारायचं त्यांचं वय वाढत चाललं आहे.